मिरकरवाड्याचं देणं

प्राण्यांच्या वेदनांवरच्या उपचारांचं प्रमाणपत्र देणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इंटरनॅशनल व्हेटरनरी अ‍ॅकॅडमी ऑफ पेन मॅनेजमेंट. उमेदवाराकडून ती ठरावीक तासांचं शिक्षण मागते, परीक्षा घेते आणि त्याने स्वतः हाताळलेल्या रुग्णांचे सविस्तर वृत्तांत मागवते. शिक्षण पैसे भरून घेता येतं, परीक्षा रात्री जागून देता येते. वृत्तांत मात्र एकट्याच्या बळावर लिहिता येत नाहीत. जनावर दवाखान्यात असतं अर्धा तास आणि त्याचं दुखत असतं रात्रंदिवस. उरलेल्या वेळात ते कसं उठलं, कसं बसलं, कुठे चढायचं टाळलं, रात्री कुणाच्या पायाशी येऊन पडलं, हे बघणारं कुणीतरी लागतं. माझ्या वृत्तांतांसाठी हे सगळं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराने पाहिलं. ‘सर्टिफाइड व्हेटरनरी पेन प्रॅक्टिशनर’ ही पदवी माझ्या नावापुढे लागली, पण ज्यांच्या नजरेवर ती उभी आहे त्यांची नावं त्या कागदांत नाहीत. इथेही मी ती लिहिणार नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. माणसं मात्र लिहिणार आहे.

सुरुवात परळला झाली. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचं. रत्नागिरीहून गेलेल्या मुलीला त्या जुन्या इमारतींचा पहिल्यांदा धाक वाटला, मग लळा लागला. त्या काळात जगभरच्या पशुवैद्यकात वेदना हा स्वतंत्र विषय मानला जात नव्हता. बर्नार्ड रोलिन या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1989 मध्ये ‘द अनहीडेड क्राय’ हे पुस्तक लिहून विज्ञानाला जाब विचारला होता: जनावराला भूल देता, ती त्याचं दुखू नये म्हणून की त्याने हलू नये म्हणून? आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचलाही नव्हता. पोचले होते ते शस्त्रक्रिया शिकवणारे आमचे सर. वॉर्डात फिरताना ते प्रत्येक पिंजऱ्यापुढे उकिडवे बसत. नाडी, श्वास, तापमान आम्ही घडाघडा सांगायचो. ते ऐकून घेत आणि विचारत, “दुखतंय किती?” मग टाक्यांच्या कडेने दोन बोटं हलकेच दाबून कुत्र्याच्या तोंडाकडे बघत राहत. कुत्रं मान वळवतं का, ओठ चाटतं का, अंग आक्रसून घेतं का, हे आम्हाला दाखवत.

पुढे खूप वर्षांनी ग्लासगो विद्यापीठाने तयार केलेली कुत्र्यांची वेदनामापन पट्टी माझ्या हातात आली. तिच्यात जखमेभोवती हलकेच दाबून प्रतिक्रिया बघा, अशी रीतसर सूचना आहे. चोवीसपैकी सहा किंवा जास्त गुण भरले तर वेदनाशामक द्यायचा विचार करा, असं ती सांगते. ती सूचना वाचताना मला सरांची दोन बोटं दिसली. त्यांच्याकडची गेनर आणि म्युअर यांनी संपादित केलेल्या ‘हँडबुक ऑफ व्हेटरनरी पेन मॅनेजमेंट’ची प्रत आता माझ्या टेबलावर असते. निवृत्त होताना त्यांनी ती पोस्टाने पाठवली. आत चिठ्ठी नव्हती, फक्त काही पानांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या खुणांच्या मागोमाग मी अभ्यासाला लागले.

रत्नागिरीत परत येऊन मी छोटा दवाखाना काढला, मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला. ज्यांनी हे बंदर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रत्नदुर्ग किल्ल्याच्या डोंगराने एका बाजूने पाठ दिलेली, समोर लाटा अडवणारी भिंत, आणि मधल्या पाण्यात एकमेकींना खेटून शेकडो होड्या. पहाटे बांगडा, तारली, म्हाकूल, कोळंबी उतरते, लिलाव पुकारला जातो, बर्फ फोडण्याचा आवाज चालू असतो, ट्रकांची रांग लागते. इथली वस्ती बरीचशी कोकणी मुसलमान मच्छीमारांची, शेजारी भंडारी आणि खारवी कुटुंबं, आणि होड्यांवर दूर नेपाळातून आलेले खलाशी. या सगळ्यांच्या पायात घोटाळणारी मांजरं, कुत्री आणि मोहल्ल्यातल्या बकऱ्या हे माझे रुग्ण. गळ ओठात रुतलेले, नायलॉनचा धागा पायाला करकचलेले, विंचच्या दोरात सापडलेले, क्रेटखाली शेपूट गेलेले. यांतल्या बहुतेकांना कागदोपत्री मालक नाही. पण त्यांची माणसं आहेत, आणि माझा अनुभव असा की रोज सोबत असणारा माणूस जे बघतो ते एक्स-रेतही दिसत नाही.

जिला मी खाला म्हणते, ती पहिल्यांदा दवाखान्यात आली ती मांजर न घेताच. जेटीवर मासळी निवडायचं काम ती तरुणपणापासून करत आलेली. तिच्या ओटीवर मांजरांचा राबता. त्यातल्या एका म्हाताऱ्या मांजरीला सगळे बुढी म्हणायचे. खाला म्हणाली, “बाय, बुढीच्या कमरेत काय तरी हाय. आधी ती जेटीवरून सरळ होडीत उडी घ्यायची. आता आधी क्रेटवर जाते, मग दोरावर, मग होडीत. आनि पाठ चाटायची सोडलानी.” घरातल्या बाकीच्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. मांजर म्हातारी झाली की असंच, म्हणाले. खाला म्हणाली, “म्हातारी मी पन झालंय. म्हनून माझे गुडघे दुकत नाय काय?”

तिने सांगितलेल्या या दोन-तीन गोष्टींत मांजरांच्या सांधेदुखीचं अख्खं प्रकरण होतं. मांजर लंगडून दाखवत नाही. दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच झिजलेले असले तर लंगडणारच कुठल्या पायाने? ती उड्या कमी करते, उडीचे टप्पे पाडते, कमरेपर्यंत मान वळवायला त्रास होतो म्हणून अंग साफ करायचं टाळते, तिच्या पाठीवरचे केस गुठळतात. अमेरिकेत 2002 साली बारा वर्षांवरच्या मांजरांचे जुने एक्स-रे तपासले गेले, तेव्हा शंभरात नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली होती. त्यांतल्या फारच थोड्या मांजरांच्या कागदपत्रांत तशी तक्रार नोंदलेली होती. इतकं दुखणं घराघरांत गप पडून असतं.

बुढीचे एक्स-रे काढले. दोन्ही खुब्यांत आणि कमरेच्या मणक्यांत झीज स्पष्ट होती. मग खरं काम सुरू झालं. दीर्घकाळच्या वेदनेत डॉक्टरने दवाखान्यात केलेलं मोजमाप अपुरं पडतं. तिथे मांजर भीतीने दगड झालेली असते. म्हणून पाळणाऱ्या माणसाला विचारायच्या प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. मांजरांसाठी नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाची आहे, कुत्र्यांसाठी हेलसिंकीची आणि पेनसिल्व्हानियाची. त्यांत जिने, बंगल्यातलं फर्निचर, मोटारीत चढणं असले प्रश्न येतात. खालाच्या घरात यातलं काही नव्हतं. मग आम्ही दोघींनी बसून बुढीच्या आयुष्याप्रमाणे प्रश्न ठरवले. जेटीवरून होडीत कशी उतरते? पाण्याच्या पिंपावर चढते का? लिलावाच्या वेळी इतर मांजरांच्या आधी पोचते की मागून? मांडणीच्या कितव्या फळीपर्यंत जाते? रात्री उठते किती वेळा? खालाची नात तेव्हा सातवीत होती. तिने चाळीस पानी वहीत रोज संध्याकाळी उत्तरं लिहून ठेवायचं कबूल केलं. खाला सांगायची, ती लिहायची. ‘आज बुढी पिंपावर गेली पण उतरताना थांबली. दादी म्हणते उतरताना जास्त दुखतं.’ असली वाक्यं त्या वहीत आहेत. माझ्या एका वृत्तांताचा कणा ही वही आहे.

औषध दिलं मेलोक्सिकॅम, अगदी कमी मात्रेत. मांजरांना वेदनाशामक देणं जोखमीचं असतं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यकृतातली यंत्रणा तिच्याकडे फार तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. मिरकरवाड्यात घराघरांत ही गोळी असते आणि मायेपोटी ती मांजराला दिलीही जाते. खालाने ही गोष्ट एकदा ऐकली आणि मोहल्ल्यात इतक्या वेळा सांगितली की पुढे लोक मांजर आजारी पडलं की गोळी देण्याआधी तिच्या दारात जाऊ लागले. मेलोक्सिकॅमलाही मूत्रपिंडाची भीती असतेच. युरोपात मांजरांना ते कमी मात्रेत दीर्घकाळ द्यायला मान्यता आहे, अमेरिकेत मात्र वारंवार देण्याविरुद्ध ठळक इशारा छापलेला असतो. म्हणून बुढीच्या रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करायची आणि तिने भरपूर पाणी प्यायला हवं. खाला मासे उकडलेलं अळणी पाणी तिला पाजू लागली. होडीशेजारी रिकाम्या क्रेटच्या पायऱ्या मांडून ठेवायला तिने होडीचा कारभार बघणाऱ्या तांडेलचाचांना सांगितलं, आणि चाचांनी खलाशांना ताकीद दिली की ते क्रेट कुणी हलवायचे नाहीत.

त्या वर्षी खाला मुंबईला एका लग्नाला गेली. औषधाचं काम सुनेकडे आलं आणि घाईगर्दीत ते राहून गेलं. खाला परतली त्या संध्याकाळी बुढी ओटीवर बसली होती. कुणी काही बोललं नव्हतं. खालाने तिच्याकडे पाहिलं आणि सुनेला विचारलं, “औषध चुकलाय ना?” ही हकिकत ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण नेमकं हेच मी त्या आठवड्यात वाचत होते. औषध सुरू केल्यावर मांजराला बरं वाटतंय असं पाळणाऱ्याला वाटू लागतं, ते कधी नुसत्या आशेपोटीही असतं, आणि त्यामुळे संशोधकांची फसगत होते. औषध बंद झाल्यावर जनावर पुन्हा मागे जातं, ते घसरणं पाळणारा माणूस जास्त नेमकेपणाने टिपतो, असं नॉर्थ कॅरोलिनातल्या एका गटाने 2014 मध्ये दाखवून दिलं होतं. ज्या गोष्टीसाठी त्यांना अभ्यासाची मोठी मांडणी करावी लागली, ती खालाने ओटीच्या पायरीवरून ओळखली. परीक्षेत या विषयावरचं उत्तर लिहिताना मी पुस्तक आठवत नव्हते, तिला आठवत होते.

माझा मदतनीस याच मोहल्ल्यातला. बारावीनंतर शिक्षण सुटलेला, वडिलांच्या होडीवर मन न रमलेला मुलगा. त्याचे उपकार वेगळ्या जातीचे. माँट्रियल विद्यापीठातल्या पाउलो स्टीगल यांच्या गटाने 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. कान कसे आहेत, डोळे किती मिटलेत, नाकाभोवतीचा भाग ताणलेला आहे का, मिशा सरळ ताठ झाल्यात का आणि डोकं खांद्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली गेलंय, अशा पाच खुणा. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार भरले की औषधाचा विचार करायचा. मी ही चित्रं त्याला दाखवली आणि दुसऱ्या दिवशीपासून तो मोबाइलवर जेटीवरच्या मांजरांचे फोटो काढून आणू लागला. आधी आम्ही दोघं वेगवेगळे गुण द्यायचो, मग पडताळायचो. थोड्याच काळात त्याचे आणि माझे आकडे जुळू लागले, आणि जिथे जुळत नव्हते तिथे बऱ्याचदा त्याचं बरोबर निघायचं. मांजर नुसतं पेंगतंय आणि मांजर दुखण्याने डोळे मिटून बसलंय, यातला फरक ओळखायला मी शिकले ती त्याच्याकडून. होड्यांची वाट बघत तासन्‌तास जेटीवर बसण्यात त्याचं लहानपण गेलं होतं, आणि मांजरंही तिथेच वाट बघत असायची.

एकदा त्याने एका तरण्या बोक्याला पोत्यात घालून आणलं. जबड्याच्या आतल्या बाजूला गळ रुतलेला, धागा लोंबकळत होता. मुलाने पोत्याच्या तोंडातून पाहूनच सांगितलं, “मॅडम, आठ.” मी आठच दिले. भूल दिल्यावर खालच्या जबड्याची संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूपाशी लिग्नोकेनचे काही थेंब सोडले आणि मग गळ काढला. अशा वेळी नवखे डॉक्टर विचारतात, बोका तर झोपलाय, मग सुन्न करायचं इंजेक्शन कशाला? त्याचं उत्तर मज्जारज्जूत आहे. मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये सांगितलं की वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत एक दार असतं, ते कमीजास्त उघडतं. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की वेदनेचा मारा होत राहिला की मज्जारज्जूच हळवा होतो आणि नंतर साधा स्पर्शही दुखू लागतो. जनावर झोपेत असलं तरी हा मारा चालूच असतो, आणि ते जागं होतं ते हळव्या झालेल्या मज्जारज्जूनिशी. लिग्नोकेन तो मारा वाटेतच अडवतं. बोका उठला तेव्हा मुलाने पुन्हा फोटो काढला. गुण दोन. संध्याकाळी बोक्याने तारली खाल्ली.

लिग्नोकेनची ही कदर मला कॉलेजात नव्हती. ती शिकवली एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांनी. मी त्यांना काका म्हणायचे. जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्या सायकलवरून आणि नंतर मोटारसायकलवरून पालथ्या घातलेला माणूस. मोठमोठी औषधं त्यांच्या पेटीत कधीच नव्हती, पण लिग्नोकेनची बाटली कायम असायची. बैलाचं शिंग कापायचं तर डोळ्याच्या मागच्या बाजूला, शिंगाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर सुई कशी टेकवायची, हे ते डोळे मिटून सांगायचे. पंच्याहत्तरी ओलांडल्यावरही ते दुपारी दवाखान्यात येऊन बसत. मोहल्ल्यातल्या एका बकरीचा पुढचा पाय नायलॉनच्या धाग्याने कापला जाऊन कुजला होता. पाय काढावा लागणार होता. बकऱ्या लिग्नोकेनला फार हळव्या, मात्रा थोडी चुकली तरी झटके येतात. काकांनी मला औषध दुपटीने पातळ करायला लावलं, वजन पुन्हा मोजायला लावलं, आणि खांद्याखालच्या मज्जातंतूंच्या जाळ्यापर्यंत सुई कशी न्यायची ते बोट धरून दाखवलं. बकरी शस्त्रक्रियेनंतर तासाभरात रवंथ करत होती. रवंथ करणारी बकरी बघितली की काकांचा चेहरा उजळायचा. ते म्हणत, “पोटात दुखलं, पायात दुखलं, कुठंही दुखलं तरी जनावर आधी रवंथ सोडतं. तिकडं बघ, बाकी नंतर.”

त्यांच्याकडून मी आणखी एक गोष्ट घेतली, आणि ती मला मोलाची वाटते. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफिनॅक टोचलं होतं. स्वस्त, हमखास गुण देणारं औषध. त्याच काळात देशातली गिधाडं संपत गेली. 2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधलं: डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं तोवर शंभरात एकही उरली नव्हती. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलोक्सिकॅम पुढे आलं. पुढे 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही बंदी आली. लहानपणी कोकणातल्या ढोरटाकीवर उतरणारी गिधाडं काकांनी पाहिली होती. रायगडातल्या म्हसळ्याजवळच्या चिरगावात उरलेल्या गिधाडांची घरटी बघायला ते मला मुद्दाम घेऊन गेले. तिथे झाडाखाली उभं राहून त्यांनी सांगितलं की वेदनेवरचं औषध निवडताना ते कुणाकुणाच्या पोटात जाणार, याचा विचार कर. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात हा धडा असा कुणी शिकवला नाही. माझ्या प्रत्येक गुराच्या केसपेपरवर, औषध कोणतं आणि का, ही ओळ तेव्हापासून असते.

औषधांची चणचण हा आपल्याकडच्या कामाचा मोठा भाग आहे. परदेशी व्याख्यानांत सर्रास ऐकू येणारी मॉर्फिनसारखी औषधं लहान गावातल्या पशुवैद्याच्या हाती सहजी येत नाहीत. केटामिन शेड्युल एक्समध्ये, त्याचा परवाना आणि नोंदवही वेगळी. 2018 पासून ट्रामाडॉलही अंमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलं. माणसांच्या बाबतीत जे कडक नियम हवेत ते हवेतच, पण त्यांची झळ मुक्या जिवाला लागते हेही तितकंच खरं. जागतिक लहान प्राणी पशुवैद्यक संघटनेच्या वेदनाविषयक मार्गदर्शक सूचनांत, काही औषधं मिळतच नसतील तर काय करावं, हेही सांगितलेलं आहे. ते वाचून मला मोठा आधार वाटला. गावातल्या एका औषधविक्रेत्याने परवान्याचे कागद कसे भरायचे ते शिकवलं, दर वेळी मुंबईहून माल मागवला, कधी पैसे उशिरा घेतले. त्यांच्याही दुकानाचं नाव मी लिहीत नाही, पण ते हे वाचतील.

आता एका नेपाळी खलाशाबद्दल. त्याच्या होडीवर एक काळा कुत्रा होता. विंचच्या दोरात सापडून त्याचा मागचा पाय चिरडला. पाय काढल्यावर जखम भरली, तरी कुत्रा मध्येच दचकून उठायचा आणि जिथे पाय नव्हता तिकडे वळून केकाटायचा. हे तुटलेल्या मज्जातंतूंचं दुखणं, त्याला साधी वेदनाशामकं पुरत नाहीत. गॅबापेंटिन सुरू केलं. पण गुण किती आला हे कळणार कसं, कुत्रा तर होडीबरोबर खोल समुद्रात. खलाशी म्हणाला, दीदी, मी सांगत जाईन. किनारा जवळ आला, मोबाइलला रेंज आली की त्याचे आवाजी निरोप यायचे. रात्री किती वेळा उठला, लाटा जास्त असताना कसा झोपला, जाळं ओढायच्या वेळी पुढे आला की केबिनमागेच राहिला. स्वतः खलाशी रात्रभर जाळं ओढत होता आणि त्यातून कुत्र्याची झोप मोजत होता. त्या निरोपांवरून आम्ही मात्रा ठरवली. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या शाकारल्या गेल्या आणि तो गावी निघाला. जाताना कुत्रा तांडेलचाचांच्या अंगणात बांधून गेला आणि चाचांना औषधाच्या वेळा पाठ करायला लावल्या. ऑगस्टमध्ये परत आल्यावर आधी कुत्र्याकडे गेला, मग माझ्याकडे. तो वृत्तांत परीक्षकांनी स्वीकारला. त्याला ते सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, मग आता औषध कमी करायचं का?

वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपणांत म्हटलंय की बोलता न येणाऱ्या माणसाला किंवा प्राण्याला वेदना होत नसेल असं मानता येत नाही. चाळीसेक वर्षांच्या जुन्या व्याख्येनंतर हे स्पष्ट लिहिलं गेलं. मी ते खालाला समजावून सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, “ह्यां लिवायला एवढी वरसां लागली?”

प्रमाणपत्राची फी डॉलरमध्ये होती. अभ्यासक्रमाचे पैसे कसेबसे भरले होते. परीक्षेच्या फीच्या वेळी घरात आजारपण होतं आणि हात रिकामा होता. मी हे कुणाला बोलले नव्हते. मदतनीसाने त्याच्या आईला सांगितलं असावं. जेटीवर काम करणाऱ्या बायकांची एक भिशी चालते. मला तिच्यात घेतलं गेलं आणि पहिली उचल माझ्या नावावर लागली. चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत, असं मला नंतर कळलं. त्या महिन्यात ज्यांना स्वतःची नड होती त्या बायका त्यात होत्या. मी पुढे महिन्याच्या महिन्याला हप्ता भरला, पण आधी उचललेल्या पैशाची किंमत हप्त्यांनी फिटत नाही, हे भिशी खेळलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

परीक्षा दिली, काही आठवड्यांनी पास झाल्याचा मेल आला. काका तोवर गेले होते. सरांना फोन केला, त्यांनी आधी विचारलं, लिग्नोकेन वापरतेस ना. खाला मेल बघायला आली नाही, तिला त्यात रस नव्हता. बुढीचा हिवाळा कसा जाईल, ही तिला काळजी होती.

नवी भिशी या जूनपासून सुरू झाली, होड्या बंद असताना पैशाची ओढाताण असते म्हणून. पहिली उचल बर्फ फोडणाऱ्या एका कामगाराच्या बायकोला दिली, तिच्या छपराचे पत्रे बदलायचे होते. माझा नंबर मी शेवटचा घ्यायला लावलाय.